पायाभूत कचरा

देवासच्या मराठा स्नेह मंडळाच्या भांड्यांना कल्हई करून घेणे आवश्यक आहे, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला. कल्हईला विरोध कोण करणार? पुढे जे काही झालं, ते या एकमतामुळेच झालं.

मंडळाच्या सभागृहामागे एक दगडी खोली आहे. तिला कोठी म्हणतात. तिच्यात पितळेची तपेली, पराती, घंगाळी, कढया आणि ताटं आहेत. डावीकडच्या फळीवर थोरल्या पातीची, उजवीकडच्या फळीवर धाकट्या पातीची. देवासचं राज्य एकेकाळी दोन भावांत वाटलं गेलं होतं. एकाच गावात दोन गाद्या, दोन दरबार. रस्त्याची ही बाजू थोरल्याची, ती धाकट्याची. पुढे राज्यं विलीन झाली, पण भांडी अजून विलीन झालेली नाहीत. थोरल्या पातीच्या परातीत मळलेली कणीक धाकट्या पातीच्या कढईत तळली तर पुऱ्या फुगत नाहीत, असं जुन्या बायका सांगत. फुगत असत, पण सांगत तसं.

कोठीची रीत मात्र दोन्ही पात्यांची एकच होती. ज्या घरची मुलगी सासरी जाई, ते घर तिच्या नावाचं एक भांडं कोठीत ठेवी. मग मुलगी धारला जावो, बडोद्याला जावो की कोल्हापूरला, तिचं भांडं गावच्या प्रत्येक पंगतीला हजर. त्यामुळे मंडळाच्या स्वयंपाकघरातलं बोलणं नवख्या माणसाला जरा दचकवीत असे.

"सगुणा कुठाय?"

"सगुणेत कढी आहे."

"मग भवानीला चांगली घासा आणि चढवा चुलीवर."

सगुणाबाई धारला नांदल्या, धारलाच वारल्या, त्यालाही जमाना लोटला. पण देवासात कढी कधी सगुणेशिवाय झाली नाही.

मंडळाचे सचिव मानसिंगराव थोरल्या पातीचे. कारखान्याच्या ऑफिसात हयात घालवलेला माणूस. आलेल्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, प्रियांकाचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मुलगा धारचा. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी लेकीसाठी वरणाचं तपेलं कधीच घेऊन, त्यावर नाव कोरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. दागिने त्यांनी प्रियांकाला निवडू दिले, साड्या जावयाच्या बहिणीला निवडू दिल्या. त्यांची इच्छा एकच होती. लग्नाची पंगत कोठीच्या भांड्यांत व्हावी, वरण प्रियांकाच्या तपेल्यात शिजावं, आणि ते तपेलं त्याच दिवशी सगुणेशेजारी फळीवर चढावं.

"पोरगी गावातून जाईल, पंगतीतून जायची नाही," त्या म्हणत.

म्हणून कल्हई. पूर्वी प्रत्येक घर वर्गणी काढी आणि कल्हईवाला आठ दिवस अंगणात भट्टी मांडून बसे. आम्ही पोरं नवसागराचा धूर नाकात गेला की शिंकत पळायचो आणि परत येऊन बसायचो. देवासचा शेवटचा कल्हईवाला आता मोबाईलची कव्हरं विकतो; बदनावरला एक शिल्लक आहे, तो यायला तयार होता. पण मानसिंगरावांनी नुकतीच पंख्यांसाठी वर्गणी मागितली होती आणि पुन्हा दारोदार जायला त्यांना संकोच वाटत होता. अशा वेळी एक पत्र आलं. 'उद्योग, तंत्रज्ञान आणि शिक्षण यांच्या त्रिवेणी संगमातून शाश्वत भविष्य'. उद्योग म्हणजे औद्योगिक वसाहतीतली हरितमंगल कंपनी, तंत्रज्ञान म्हणजे तिचं मोबाईलवरचं अ‍ॅप, आणि शिक्षण म्हणजे इंदूरचं एक मॅनेजमेंट कॉलेज. टिकाऊ वस्तू वापरणाऱ्या संस्थांना मदत मिळेल, असं पत्रात म्हटलं होतं. मानसिंगरावांनी त्याच दिवशी उत्तर पाठवलं.

पाहणीला रणवीर आला. खातेगावकडचा, आपल्याच समाजातला मुलगा. बोलण्यात मराठी, वाचण्यात हिंदी आणि पगारात इंग्रजी. कोठी पाहून तो हरखला. भांड्यांवरच्या नावांवरून त्याने बोट फिरवलं.

"हे काय लिहिलंय, काकासाहेब?"

"नावं आहेत. वाच की."

"मराठी वाचायला टाइम लागते जरा. बरं, पहिला सवाल. मंडळात सालाना डिस्पोजेबल प्लेटी किती लागतात?"

"एकही नाही," मानसिंगराव छाती काढून म्हणाले.

रणवीरचा चेहरा उतरला. "ग्लास?"

"पितळेची फुलपात्रं."

"चमचे?"

"हात."

"पाण्याच्या बाटल्या तरी?"

"हंडा आहे ना."

रणवीरने टॅबलेटवर बरंच काही दाबून पाहिलं. शेवटी पडदा त्यांच्याकडे वळवला. लाल अक्षरांत लिहिलं होतं : अपात्र. कारण : कचऱ्याचा अभाव.

"योजना कचरा कमी करायची आहे, काकासाहेब. तुमच्याकडे कचराच नाही तर तुम्ही कमी काय करणार?"

"अरे, पण म्हणजे आम्ही आधीपासूनच चांगले आहोत."

"चांगले तर आहातच. पण सुधारले नाही ना! योजना सुधारणाऱ्यांसाठी आहे. जो बिघडलाच नाही, त्याला कंपनी कशी सुधारणार?"

मानसिंगरावांना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण कुठे ते सापडेना. ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाला असं नेहमी होतं.

रणवीर मुळात भला. त्याने आवाज खाली आणला. "एक रस्ता आहे. तुमची पायाभूत पातळी बनवून घेऊ. म्हणजे सहा महिने रीतसर कचरा करा. तो मोजू. मग तो कमी करा. कमी झाला की कल्हई मंजूर. तोवर कोठीला सील लावावं लागेल. मधेच कुणी ताट काढलं तर आकडे खराब होतात."

"आणि प्लेटी?"

"त्या तर आमचीच कंपनी बनवते. समाजासाठी फुकट!"

मानसिंगरावांनी बोटांवर हिशेब केला. चैत्रात सुरू केलं तर भाद्रपदात संपेल. लग्न मार्गशीर्षात. मधे कल्हईला पुरेसा वेळ. त्यांनी सही केली.

घरी रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "भांडी चकचकीत व्हावीत म्हणून भांडी बंद करायची? उद्या माझा गुडघा बरा व्हावा म्हणून पाय तोडाल."

"अगं, प्रक्रिया असते."

"असू दे. लग्नाच्या दिवशी मला प्रक्रिया वाढू नका, म्हणजे झालं."

हे सगळं भाद्रपदात संपलंही असतं. पण मंडळाच्या सभेत उदाजीराव उभे राहिले. उदाजीराव धाकट्या पातीचे. त्यांच्या आजोबांनी दसऱ्याच्या मिरवणुकीत आपला घोडा थोरल्यांच्या घोड्यामागे कधी जाऊ दिला नव्हता, हे ते दर सभेत सांगत. आजही त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

"माझा प्रश्न साधा आहे. हा जो कचरा होणार, तो कोणत्या पातीच्या नावावर?"

"मंडळाच्या," मानसिंगराव म्हणाले.

"सचिव थोरल्या पातीचे, सही त्यांची. म्हणजे कचरा थोरल्यांचा आणि आम्ही शून्य? धाकटी पाती कचरासुद्धा करू शकत नाही, असं कंपनीला कळवायचंय का तुम्हाला?"

"उदाजीराव, तो कचरा आहे. मानाचं पान नव्हे."

"मोजलं जातं ते सगळं मानाचंच असतं!"

टाळ्या पडल्या. उजवीकडच्या खुर्च्यांतून पडल्या, कारण सभागृहातही धाकटी पाती उजवीकडेच बसते. रणवीरने ऑफिसला फोन करून विचारलं. वेगळी पातळी मिळेल. पण एका पत्त्यावर एका वेळी एकच मोजता येते. म्हणून चैत्र ते भाद्रपद थोरल्यांचा कचरा आणि आश्विन ते फाल्गुन धाकट्यांचा, असं ठरलं. कोठीचं सील दोन्ही कचरे पूर्ण झाल्यावर निघेल.

मानसिंगरावांनी पुन्हा बोटांवर हिशेब केला. मार्गशीर्ष सापडला, तो सीलच्या आत.

सुरुवातीला थोरल्या पातीच्या लोकांना कचरा करणं जमेना. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी आंब्याची डाळ प्लेटीत घेतली, खाल्ली, आणि सवयीने प्लेटी धुऊन पालथ्या घातल्या. रणवीर कासावीस झाला. मग हात बसत गेला. पानातलं मीठ एका वाटीत, लिंबू दुसऱ्या वाटीत. चहाचा कप हाताला चटका देतो म्हणून कपाबाहेर कप. ज्यांनी वीस वर्षांत सत्यनारायण घातला नव्हता, त्यांनी तो आता घातला आणि प्रसादाच्या शिऱ्याला झाकणाची डबी दिली. पोह्यांवरची शेवही स्वतंत्र वाटीतून येऊ लागली. आश्विनात धाकट्या पातीची पाळी आली, तेव्हा उदाजीरावांनी नवरात्राच्या फराळाला प्लेटीखाली प्लेट लावली. "आधार लागतो," ते म्हणाले.

तंत्रज्ञानही मागे नव्हतं. प्रत्येक उष्ट्या प्लेटीचा फोटो अ‍ॅपमध्ये चढवावा लागे. अ‍ॅप जुन्या फोनवर चालेना, म्हणून घरोघरी नवे फोन आले. जुने फोन टाकले गेले आणि तेही कचऱ्यात धरले गेले. एका सुनेने घरातला सगुणेचा जुना फोटो गंमत म्हणून अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅपने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, 'भंगार. जवळचा खरेदीदार दाखवू?'

शिक्षण सर्वांत शेवटी आलं. इंदूरच्या कॉलेजची मुलं वातानुकूलित बसमधून उतरली आणि त्यांनी समाजातल्या बायकांसाठी 'पारंपरिक भांडी स्वच्छता' या विषयावर दिवसभराची कार्यशाळा घेतली. राखेने आणि चिंचेने पितळ घासता येतं, हे त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. सगळ्यांना राखेची प्लास्टिकची पुडी आणि पाण्याची बाटली दिली. कोठी सील असल्यामुळे प्रात्यक्षिक प्लेटीवर झालं. ती घासता घासता फाटली. शेवटी रुक्मिणीबाईंना प्रमाणपत्र मिळालं, 'भांडी घासणे (प्राथमिक)'. प्लास्टिकमध्ये मढवलेलं.

"पुढचा कोर्स केला तर पाणी भरताही येईल मला," घरी येऊन त्या म्हणाल्या. मानसिंगराव हसले नाहीत. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीत गेले. कंपनीच्या भविष्य विभागाचे प्रमुख विक्रमसिंह यांनी त्यांना मानाने बसवलं आणि कागदी कपातून चहा दिला.

"एकच दिवस कोठी उघडा," मानसिंगराव म्हणाले. "मुलीचं लग्न आहे."

"अभिनंदन! तेच तर सांगतोय. लग्न म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा कचरा. तोच गाळायचा म्हटलं तर पातळी बसणार कशी? आणि हे दिवस धाकट्या पातीचे आहेत ना? उदाजीरावांची लेखी विनंती आलीय, की तुमच्याकडचे पाहुणे त्यांच्या खात्यात धरावेत."

"बरं, पंगत राहू द्या. तिच्या नावाचं तपेलं तेवढं आत ठेवतो. फक्त ठेवतो."

विक्रमसिंहांना मनापासून वाईट वाटलं. "टिकाऊ भांड्यांची संख्या वाढली की संस्था जास्त शाश्वत होते, आणि पुन्हा अपात्र ठरते. मी तुमच्या भल्याचं बोलतोय, भैया." मग त्यांना काहीतरी सुचलं. "तुम्हाला मुलीचं नाव भांड्यावर हवं आहे, एवढंच ना? आम्ही प्लेटींवर छापून देतो. तुमच्या रीतीत नाव एका तपेल्यावर एकदाच येतं. आमच्याकडे प्रत्येक प्लेटीवर! परंपरेचा विस्तार म्हणा ना."

मानसिंगरावांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही पटायला उरलं नव्हतं.

लग्न थाटात झालं. पांढऱ्या प्लेटी, गुलाबी काठ, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत 'प्रियांका'. पाहुण्यांनी कौतुक केलं, जेवणाआधी प्लेटींचे फोटो काढले, अ‍ॅपसाठी जेवणानंतर पुन्हा काढले. पंक्चर झालेल्या पुरीसारखे मानसिंगराव मांडवात फिरत होते आणि 'अजून एक प्लेट घ्या' म्हणून आग्रह करत होते. पूर्वी आग्रह जिलबीचा होत असे.

प्रियांकाने आपल्या पानात पाहिलं. नावावर वरण पसरलं होतं.

"आईसाहेब, आपलं तपेलं कुठाय?"

"घरी आहे. लुगड्यात."

"मग माझं इथं काय राहणार?"

पाठवणीच्या वेळी रुक्मिणीबाईंनी ते गाठोडं आणलं आणि लेकीच्या गाडीत, तिच्या पायाशी ठेवलं. देवासात ठेवायला जागा नव्हती, म्हणून गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच मुलगी स्वतःच्या नावाच्या भांड्यासकट गावातून गेली.

सकाळी मानसिंगराव हिशेब चुकवायला मंडळात आले, तेव्हा वारा सुटला होता. सभागृहामागचा नाला भरून गेला होता. बाभळीवर प्रियांका अडकली होती. गाय एक प्रियांका चघळत होती आणि दुसरीवर उभी होती. इंदूरला जाणाऱ्या बसच्या चाकाखालून एक प्रियांका भिरभिरत रस्त्याच्या थोरल्या बाजूकडून धाकट्या बाजूकडे गेली. तिला कुणी अडवलं नाही. मुलगी गावात राहावी अशी रीत होती. ती राहिली होती.

मानसिंगरावांनी धोतराचा सोगा खोचला आणि नाल्यात उतरून एकेक प्लेट उचलायला सुरुवात केली. वरणाचे डाग ते सदऱ्याने पुसत होते. दहा-बारा गोळा झाल्या असतील नसतील, तोच रणवीर धावत आला.

"काकासाहेब! उचलू नका! मोजणी बाकी आहे!"

मानसिंगराव तसेच उभे राहिले. काठावर रुक्मिणीबाई आल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर मानसिंगरावांना बरं वाटलं असतं.

"ठेवा हो ती खाली," त्या म्हणाल्या. "नाहीतर उदाजीराव म्हणतील, थोरल्यांनी आमचा कचरा पळवला."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. दोन्ही पात्यांची पायाभूत पातळी जिल्ह्यात अव्वल निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी कचरा निम्म्यावर आणला. थोरल्यांनी निम्मा केला, म्हणून धाकट्यांनी निम्म्याहून एक प्लेट कमी केली. दोघांनाही 'आदर्श शाश्वत समाज' हा सन्मान विभागून मिळाला. समारंभात विक्रमसिंहांनी एक सूचना मात्र दिली. उत्साहाच्या भरात शून्यावर येऊ नका. शून्यावर आलात की पुन्हा अपात्र. शाश्वत म्हणजे दरवर्षी थोडं थोडं कमी करता यायला हवं, आणि त्यासाठी घरात कचरा हवाच.

कल्हईही मंजूर झाली. पण बदनावरचा कल्हईवाला तोवर हरितमंगलमध्ये प्लेटींच्या यंत्रावर लागला होता. मग कंपनीनेच भांडी नुसती पुसून आपल्या स्वागतकक्षात काचेमागे मांडली. सगुणा मधोमध आहे. खाली पाटी आहे, 'पूर्वी लोक यात शिजवत असत.' रुक्मिणीबाई एकदा जाऊन पाहून आल्या. काचेवर बोट ठेवल्याबद्दल पहारेकऱ्याने त्यांना हटकलं.

नंतर त्या लेकीकडे धारला गेल्या. दिवाणखान्यात शिरल्याबरोबर त्यांना तपेलं दिसलं. लखलखीत घासलेलं, नाव पुढे केलेलं, आणि त्यात मनी प्लांट. प्रियांकाने त्यांना कौतुकाने बसवलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि जेवण आलं. प्रत्येक पदार्थ वेगळ्या डबीत, डब्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.

"रोज नाही हं मागवत, आईसाहेब. आज तुम्ही आलात म्हणून."

रुक्मिणीबाईंनी वरणाची डबी उघडली, रिकामी झाल्यावर धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.

तुम्हाला हसू येणं स्वाभाविक आहे. देवासचे लोक तसे पहिल्यापासून जरा विचित्रच. दोन राजे, दोन कचरे. तुमच्या घरी असं काही होत नसणार. तरी एक विचारते. तुमच्या आईच्या किंवा आजीच्या नावाचं एक भांडं तुमच्याकडे असेलच. माळ्यावर, नाहीतर दिवाणखान्यात. त्यात शेवटचं काय शिजलं होतं, ते आठवतं का?

आठवत नसेल, तर मनःपूर्वक अभिनंदन. आपण योजनेसाठी पात्र आहात.